बेरीज पाच

फोन आला तेव्हा मी एका पिकअपखाली उताणा पडलो होतो. एरवी मी गाडीखालून फोन घेत नाही. वाजवणाऱ्याला शिव्या घालतो आणि वाजू देतो. त्या दिवशी खिशातून काढून नाव बघितलं आणि तसाच पडल्या पडल्या कानाला लावला. मॅडमचा फोन होता.

"मिस्त्री, गाडी भीमेच्या पुलावर अडकलीय. इंजिन चालू आहे, पण रेसच घेत नाही. मागं उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आहे, तो हॉर्नवर हात ठेवून बसलाय. आप्पा गाडीत आहेत हो."

शेवटचं बोलताना त्यांचा आवाज फाटला. मी म्हणालो, चावी बंद करा, जरा दम खा, परत चालू करा. एवढं तर पानटपरीवाल्यानंही सांगितलं असतं. गाडी चालू झाली, रखडत दौंडला पोचली, पण तोवर आप्पांची वेळ टळून गेली होती. त्या दिवशी त्यांचं डायलिसिस अर्धंच झालं. रात्रभर त्यांना आडवं होता आलं नाही, धाप लागत होती, असं दुसऱ्या दिवशी कळलं. गाडी असं करायची ही तिसरी वेळ होती, आणि तिन्ही वेळा ती माझ्याच हाताखालून 'नीट' होऊन गेलेली होती.

मॅडम मांडवगण फराट्याजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत शिकवतात. माझ्या पोरीला पहिली-दुसरी त्यांनीच शिकवली. आप्पा म्हणजे त्यांचे वडील, दौंडला रेल्वेत सिग्नल फिटर होते, तिथूनच रिटायर झाले. दोन्ही किडन्या गेल्या तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार दौंडला मशीनवर जायचं. डॉक्टरांनी मॅडमना सरळ सांगितलेलं की एकही वार चुकवायचा नाही. गच्च भरलेल्या वडाप जीपमध्ये त्या माणसाला कोंबणार कसं? म्हणून मॅडमनी चाळिशी उलटल्यावर गाडी शिकून घेतली आणि ही पांढरी छोटी गाडी घेतली. शिरूरला न्हावरा रस्त्याला माझं गॅरेज, तिथं ती सुरुवातीपासून येते.

आता बिघाड काय ते सांगतो. जुन्या गाडीत पायाखालच्या पट्टीपासून इंजिनापर्यंत एक तार असायची. पाय दाबला की तार ओढायची, हवेची झडप उघडायची, गाडी पळायची. तुटली तर तुटलेली दिसायची. आताच्या गाडीत ती तार गेली. पाय किती दाबला ते एक सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो, आणि कॉम्प्युटर इंजिनावरच्या थ्रॉटलच्या, म्हणजे त्या झडपेच्या, मोटरला सांगतो, झडप एवढी उघड. ती खरंच तेवढी उघडली का हे बघायला थ्रॉटलमध्ये दोन सेन्सर असतात. दोघांचं म्हणणं जुळलं तर ठीक. जुळलं नाही की कॉम्प्युटर कुणावरच विश्वास ठेवत नाही, झडप जवळजवळ मिटून घेतो. मग तुम्ही पाय पार तळाला टेकवा, गाडी बैलगाडीच्या चालीनंच चालणार.

पहिल्यांदा हे झालं ते दिवाळीच्या आधी. स्कॅनर लावला, कोड आला की दोन सेन्सर जुळत नाहीत. मी थ्रॉटलचा कपलर, म्हणजे वायरींची जोडणी, काढला, वरवर स्प्रे मारला, परत बसवला, कोड पुसला. कारेगावपर्यंत जाऊन आलो, गाडी घोड्यागत पळाली. मग मी शहाणपणा केला. मॅडमना म्हणालो, "गाडीला काय झाल्यालं न्हाई. तुमचा पाय जड हाय. एकदम दाबता, एकदम सोडता. नाचता येईना अंगण वाकडं, तसं चाललंय तुमचं!" आणि वर हसलो. त्याही जराशा हसल्या.

दुसऱ्यांदा मी थ्रॉटलच बदलला, एका ठोकलेल्या गाडीचा चांगला काढून हिला बसवला. बारा दिवस गाडी गुमान चालली आणि मग पुलावर आडवी पडली.

त्या फोननंतर मी पाना फेकून मारला, भिंतीला. मला राग लवकर येतो, आणि गाडीचा बिघाड सापडत नसला की जगातल्या प्रत्येक माणसाचा येतो. ज्यांनी तार काढून टाकली त्यांचा आला, कोड दाखवून गप्प बसणाऱ्या स्कॅनरचा आला. रात्री जेवताना डोक्यात आलं, अरे, गाडी बिघडते त्यांच्या रस्त्यावर आणि मी तिला तपासतो माझ्या दारात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! बुधवारचा वार त्यांनी शाळेतल्या एका सरांच्या गाडीतून कसातरी काढला. शुक्रवारी सर नव्हते. मी सांगितलं, शुक्रवारी मी येतो, गाडीत बसून येतो.

शुक्रवारी सकाळी मोटारसायकलनं मांडवगणला गेलो. आप्पा ओट्यावर खुर्चीत तयार बसलेले. पाय सुजून चपलेबाहेर आले होते, पण शर्टाला इस्त्री कडक.

"जय भीम, मिस्त्री."

"जय भीम, आप्पा. कसंय?"

"आज न्हेऊन पोचवा म्हंजी झालं. सोमवारचं अर्ध राह्यलंय आंगात."

मॅडमनी चावी माझ्या हातात ठेवली. "तुम्हीच चालवा. मला नाही जमत," एवढंच बोलल्या आणि मागं जाऊन बसल्या. मला तेव्हा त्यात काही वेगळं ऐकू आलं नाही. मला वाटलं, मिस्त्री आलाय तर मिस्त्रीच चालवणार.

आप्पांना पाय मुडपता येत नव्हते म्हणून ते पुढं बसले. मी स्कॅनर जोडला आणि त्याचा टॅब त्यांच्या मांडीवर दिला. म्हणालो, "आप्पा, ह्यात दोन आकडे दिसतील. दोन सेन्सरचे व्होल्ट. एक वर गेला की दुसरा तेवढाच खाली जातो. दोन्हीची बेरीज कायम पाच आली पायजे. तुम्ही फक्त बेरीज सांगत चला."

आप्पांनी चष्मा चढवला. "म्हंजी एक खोटं बोलला तर दुसऱ्यानं चुगली करायची."

"आगदी तसं."

"मग ही गाडी बिघडल्याली न्हाई," ते म्हणाले. "शहाणी हाय. आमच्या सिग्नललाबी तसंच. तार तुटू द्या, लाइट जाऊ द्या, कायबी होऊ द्या, सिग्नल लालच पडणार. हिरवा कवाच न्हाई. डायव्हर आमच्या नावानं खडे फोडायचे, पण गाडी उभी राह्यची, ठोकायची न्हाई. हिला कुणीतरी खोटं सांगतंय. ते हुडका."

छत्तीस वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसानं एका वाक्यात सांगितलं ते मला दीड महिन्यात कळलं नव्हतं. मी बापडा मोटरीच्या मागं लागलो होतो.

निघालो. "पाच. पाच. पाच." आप्पा पाढे म्हटल्यासारखे म्हणत होते. पूल ओलांडला, तिथं काहीच झालं नाही, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. पलीकडं गेल्यावर पुढं ट्रॉल्या लागल्या. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, पुढचा रस्ता दिसेल तर शपथ. मी मागं मागं चालवत राहिलो. इंजिन तापत होतं. दहाला आप्पांचं मशीन, आणि दहाला वीस मिनिटं राहिली.

"मिस्त्री, वेळ होतोय," मॅडम मागून म्हणाल्या.

मला ओलांडायचं नव्हतं. खरं सांगतो, गाडी चालवायला लागून तीस वर्षं झाली, ओलांडायला मी कधी घाबरलो नाही. पण आता पर्याय नव्हता. समोर रस्ता मोकळा दिसला तसा मी बाहेर काढली आणि पाय दाबला.

"पाच. पाच." पहिली ट्रॉली मागं पडली. "पाच. चार-आठ. मिस्त्री... चार-दोन! चार-दोन!"

पायाखालची सगळी ताकदच गेली. पाय तळाला, आणि गाडी मेल्यागत. डावीकडं उसाची भिंत, आणि समोरच्या वळणातून एसटी आली. पुढं जायचं तर जीव नाही, म्हणून ब्रेक दाबला, दोन्ही ट्रॉल्या पुढं जाऊ दिल्या, आणि त्यांच्या मागं घुसलो. एसटी कानाशी हॉर्न वाजवत गेली, तिच्या वाऱ्यानं गाडी हलली. आरशात बघितलं तर मॅडमनी मागून दोन्ही हातांनी आप्पांचे खांदे धरून ठेवले होते.

गाडी कडेला घेतली. बॉनेटचा खटका दोनदा निसटला. आणि तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला की ही बाई यातून तीनदा गेलीय, एकटी, बापाला शेजारी बसवून.

मी कपलरला हात घालणार तेवढ्यात आप्पा खिडकीतून ओरडले, "थांबा! काढू नका ते."

"का?"

"दर बारीला तुम्ही ते काढून बसवत असणार. बसवलं की धा-बारा दिवस बरं. व्हय का न्हाई?"

मी हात मागं घेतला.

"काढलं-घातलं की पिन घासती, तेवढ्यापुरतं नीट होतं. आमच्याकडं नवीन फिटर हेच करायचे आन् 'फॉल्ट गेला साहेब' म्हणून वर सलाम ठोकायचे. फॉल्ट जित्ता हाय तवर त्याला मोडायचा न्हाई. आधी बोट लावून बघा."

मी चावी चालू ठेवून एका बोटानं कपलरजवळची वायर हलकेच दाबली. आप्पा आतून वाचत होते. "चार-दोन. पाच. तीन-नऊ! पाच. परत तीन-नऊ!" बोट उचललं की एक, दाबलं की दुसरा. घोडं पेंड कुठं खातंय ते सापडलं. ना मोटर, ना सेन्सर. माझ्या डोळ्यांसमोरचा कपलर.

चावी बंद केली आणि तो उपसला. तोंडाची रबरी रिंगच नव्हती. सहा भोकांतली दोन हिरवीगार गंजलेली. मोबाईलचा उजेड आत धरला. तळाशी काहीतरी चिकट वाळून बसलेलं, त्यात दोन मेलेल्या मुंग्या, आणि कडेला बारीक लाल रेघ. मी अंगठा फिरवला. अंगठा लाल झाला.

कुंकू होतं ते.

नवरात्रात ही गाडी माझ्याकडं सर्व्हिसिंगला आली होती. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी मी थ्रॉटल काढून साफ केला, आणि अंधार पडला म्हणून कपलर तसाच मोकळा ठेवला. रिंग बहुतेक तेव्हाच निसटली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्यात त्या दिवशी हत्यारं पुसून पाटावर मांडायची, पूजा करायची आणि त्यांना हात लावायचा नाही. म्हणजे काम अर्धं, कपलर 'आ' वासून वर बघतोय, आणि मी एकेका गाडीचं बॉनेट उघडून हळद-कुंकू वाहत, नारळ फोडून पाणी शिंपडत चाललोय. दसऱ्याला ओलं-सुकं न बघता मी कपलर दाबून बसवला आणि गाडी पुसून मॅडमना दिली.

पण एवढंच असतं तर चूक म्हणून सोडून दिली असती. गाडी ठेवायला आल्या तेव्हा मॅडमनी स्वतःहून सांगितलं होतं, "मिस्त्री, सणाला गाडी तुमच्याकडं राहील. तिला हार-नारळ करू नका हं. आम्ही बौद्ध, आमच्यात नसतं." मी "बरं बरं" म्हणालो होतो. आणि मनात म्हणालो होतो, माझ्या दारात हाय तवर माझी गाडी. नारळ फोडला तर वाईट काय होणारंय? सगळ्या गाड्यांना फोडले, तिला कसं वगळू? परत देताना मात्र कुंकू ओल्या फडक्यानं पुसून काढलं होतं. चांगलं केलं असतं तर पुसलं कशाला असतं?

"काय निघालं?" आप्पांनी खिडकीतून विचारलं.

"गंज," मी म्हणालो आणि अंगठा पँटला पुसला. आप्पांनी माझ्या अंगठ्याकडं बघितलं, मग पँटकडं.

मॅडमनी पदराची सेफ्टी पिन काढून दिली. त्या पिनेनं मी एकेक भोक खरवडलं, ढिले झालेले पत्रे आतून आवळले, स्प्रे मारला, फुंकून वाळवलं, बसवलं, तोंडावर टेप गुंडाळली. वायर दाबून बघितली, ओढून बघितली. "पाच. पाच. पाच." दौंडला पोचलो तेव्हा दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. नर्स कुरकुरली, पण मशीन कुणाला दिलं नव्हतं. आप्पांना आत नेलं आणि जीव भांड्यात पडला.

मग चार तास बसून राहायचं. दवाखान्यासमोर चहाची गाडी, तिथल्या बाकावर मी आणि मॅडम. मला सहज गप्प बसता आलं असतं. गंज तर गंज, पावसाळ्यात कुठल्याही गाडीला धरतो. त्या आभार मानायला लागल्या, "तुम्ही होतात म्हणून..." आणि मला ते ऐकवेना.

"मॅडम, गाडी मीच बिघडवली," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. कपलर, खंडेनवमी, नारळ, पुसलेलं कुंकू.

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "मी काय सांगितलं होतं?"

"नारळ नको म्हणाला होतात."

"आणि तुम्ही?"

"बरं म्हणालो होतो."

"नारळ तुम्ही चांगल्या मनानं फोडला असेल, त्याचं मला काही नाही. पण मी नको म्हणाले होते ना? मग माझं नको म्हणजे काय, वाऱ्यावरची वरात?" आवाज चढला नाही, आणि तो चढला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. "आणि वर पाय माझाच जड! दीड महिना मी शाळेत फळ्यासमोर उभी राहून पाय हलके टाकून बघतेय. पोरं विचारतात, मॅडम, पायाला लागलं का? मी आप्पांना म्हटलं, मला नाही जमत, गाडी विकू या. तर ते काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, विक. मीच दौंडला जायचं बंद करतो, माझ्यापायी तुझा जीव टांगणीला नको."

मी हातातला ग्लास बाकावर ठेवला.

"बंद करतो म्हणजे काय, कळतंय ना तुम्हाला?"

कळत होतं. मला इतकी लाज वाटली की उठून चालत शिरूरला जावं असं झालं. डोळ्यांत पाणी आलं, आणि चहावाला बघत होता तरी मी ते दाबलं नाही. "चुकलो," म्हणालो. त्या 'असू द्या' म्हणाल्या नाहीत. का म्हणाव्यात?

"नाचता येईना अंगण वाकडं," असं मात्र म्हणाल्या, माझ्याकडं बघून. या खेपेला दोघंही हसलो नाही.

अडीच वाजता आप्पा बाहेर आले, माझ्या खांद्यावर हात टाकून. चेहरा उतरलेला, पण श्वास मोकळा. मॅडम औषधं घ्यायला खिडकीशी थांबल्या तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "सांगितलं का तिला?"

"सांगितलं."

"बरं केलंत. न्हाईतर मला सांगावं लागलं असतं."

गाडीशी आलो. मी चावी काढली आणि म्हणालो, "कपलर उद्या नवीन टाकतो. आजच्या दिवस मी चालवतो."

मॅडमनी हात पुढं केला. "चावी द्या. तुम्ही मागं बसा आणि आकडे वाचा."

आप्पांना मागच्या सीटवर तिरकं बसवलं, पाय लांब करता येतील असं, आणि मी त्यांच्या शेजारी कोपऱ्यात टॅब घेऊन बसलो. दौंड मागं पडलं. "पाच," मी म्हणत होतो, "पाच." पुढं ट्रॉल्या दिसल्या, रिकाम्या असाव्यात असं वाटलं, पण भरलेल्याच निघाल्या, कारखान्याच्या वाटेला लागलेल्या. मॅडमनी थोडा वेळ मागं मागं चालवली, मान काढून समोरचं बघितलं, इंडिकेटर दिला आणि गाडी बाहेर काढली.

"पाच," मी म्हणालो. "पाच. पाच." उसाची भिंत डाव्या हाताला सरकायला लागली. माझा उजवा पाय मागच्या सीटसमोरच्या मॅटवर जोरात दाबला गेला होता, पोटरीला गोळा येईपर्यंत.

आप्पांनी डोळे न उघडता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पाय काढा, मिस्त्री," ते म्हणाले. "गाडी ती चालवतीय."